'धनदांडगे' : एका शब्दाची नोंद करताना (प्रकल्प नोंदी)

यंदा आमच्या शाळेत मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, निबंध-वक्तृत्व स्पर्धा न घेता वेगळं काम करायचं ठरलं. नववीच्या मुलांनी गटागटाने एकेका शब्दाची कोशात शोभेल अशी नोंद तयार करायची. माझ्या गटात अकरा मुलं. वाट्याला आलेला शब्द 'धनदांडगे'. आम्ही अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात राहतो. जमिनीची खरेदी-विक्री, फार्महाऊस, अडवलेल्या वाटा हे विषय मुलांच्या घरात जेवताना निघतात, त्यामुळे शब्द सोपा जाईल असं मला वाटलं होतं. तो सोपा गेला नाही. दुसऱ्या कुणी शाळेने किंवा वाचनालयाने हे काम हाती घेतलं तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचावेत, म्हणून वही जशीच्या तशी उतरवते आहे. जुने छापील कोश पाहायचं काम दुसऱ्या बाईंच्या गटाकडे होतं. आमच्याकडे फक्त आजचा वापर.

६ जानेवारी २०२५

सुरुवात चिठ्ठ्यांपासून. एका चिठ्ठीवर शब्दाचा एक वापर. खर्च नको म्हणून मुलांना जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या, मागची कोरी बाजू वापरू म्हटलं. पत्रिका लहानमोठ्या निघाल्या, काही चकचकीत कागदाच्या, त्यांवर शाई धरत नाही. तास संपेपर्यंत कात्रीच चालत होती. शेवटी बाजारातून पोस्टकार्डाच्या मापाचे साधे कार्डशीट कापून आणले. तीनशे चिठ्ठ्या, २१० रुपये. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं.

आणखी एक चूक याच दिवशी झाली आणि ती दोन आठवडे पुरली. मुलांना मी अर्थ विचारला. "खूप श्रीमंत", "बंगलेवाले", "पैसेवाले शेट" अशी उत्तरं आली. मी फळ्यावर लिहून टाकलं, 'धनदांडगा : अतिशय श्रीमंत व्यक्ती'. मुलांनी ते वहीत उतरवलं, आणि मग जो तो त्या अर्थाला बसतील अशीच वाक्यं शोधायला लागला. अर्थ आधी लिहू नये. आधी वाक्यं जमवावीत.

९ जानेवारी

पहिला गठ्ठा आला. साठेक चिठ्ठ्या. सगळ्या बाद.

मुलांनी चिठ्ठीवर 'धनदांडगे' लिहिलं होतं आणि खाली वर्तमानपत्राचं नाव. पूर्ण वाक्य एकावरही नाही. शब्द कुणाबद्दल आला, कुणी म्हटला, पुढचं क्रियापद कोणतं, काही कळत नाही. दोष मुलांचा नाही, मी नमुना दिलाच नव्हता. घरी बसून नमुन्याची चिठ्ठी तयार केली. त्यावर पूर्ण वाक्य, शब्दाखाली रेघ, तारीख, छापलेला की ऐकलेला, बोलणारा कोण, कुणाविषयी, एकवचन की अनेकवचन, आणि विभक्ती. झेरॉक्स काढून प्रत्येकाला दिली. रद्दी तोवर दोन घरांतून विकली गेली होती, त्यामुळे त्या चिठ्ठ्यांमागची वाक्यं परत मिळाली नाहीत.

१३ जानेवारी

शोध कसा घ्यायचा यात दोन संध्याकाळी गेल्या. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी एवढा भाग नीट वाचावा.

मोबाइलवर आणि संगणकावर 'धनदांडगे' असा शब्द टाकला की फारच थोडं सापडतं. कारण वाक्यात हा शब्द सरळ रूपात क्वचित येतो. येतो तो 'धनदांडग्यांच्या', 'धनदांडग्यांना', 'धनदांडग्यांनी' असा. आपल्या साठवलेल्या फाइलमध्ये शोधायचं असेल तर शेवटची मात्रा काढून नुसतं 'धनदांडग' टाकावं, म्हणजे सगळी रूपं एकदम हाती लागतात. इंटरनेटवर मात्र एकेक रूप वेगळं टाकून पाहावं लागतं.

कात्रणांचे फोटो काढून त्यातला मजकूर मोबाइलकडून वाचून घेतला, तिथे वेगळी अडचण. वर्तमानपत्राचा रकाना अरुंद, शब्द लांब. तो ओळीच्या शेवटी 'धनदां-' असा तुटतो आणि 'डग्यांच्या' खालच्या ओळीत जातो. तो शोधात येतच नाही. मग 'डग्यां' एवढाच तुकडा टाकून पुन्हा शोधलं आणि बरीच वाक्यं वर आली.

तिसरी अडचण मला स्वतःला पहिल्यांदाच कळली. धनदांडग्यांच्या जोडीला 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द कितीदा येतो ते पाहायचं होतं. डोळ्यांना दिसत असलेली वाक्यं शोधात मिळेनात. आमच्याकडच्या संगणकाच्या सरांनी उलगडा केला. 'ऱ्या' दोन प्रकारे टंकला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही टाकून बघायचं. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ तर सोडूनच दिल्या. त्यातला मजकूर उचलला की सगळी रोमन अक्षरांची खिचडी येते. ती पानं हातानेच चाळली.

१६ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी आणि तिळगूळ यात दोन दिवस गेले. आज वर्गात बाकं बाजूला सारून चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. शब्दाच्या पुढे काय येतं, यावर ढीग केले.

सगळ्यात मोठा ढीग 'घशात'चा झाला. धनदांडग्यांच्या घशात जमीन, भूखंड, गुरचरण, मोक्याची जागा घालणे. त्या खालोखाल 'धनदांडग्यांना अभय', 'धनदांडग्यांचे लाड', 'धनदांडग्यांना पायघड्या', 'धनदांडग्यांना झुकते माप', 'धनदांडग्यांची अतिक्रमणे'. वाक्याच्या दुसऱ्या टोकाला बहुतेकदा गोरगरीब, सर्वसामान्य, कष्टकरी, भूमिपुत्र यांपैकी कुणीतरी उभं. शब्द एकटा येत नाही, समोर कुणाला तरी घेऊन येतो.

एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, यात धनदांडगे खातात, पितात, लग्न करतात, आजारी पडतात असं एकही वाक्य नाही." मी चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. तिचं खरं होतं. श्रीमंत माणूस आजारी पडतो, त्याच्या मुलीचं लग्न होतं. धनदांडगे फक्त घेतात, अडवतात, दाबतात किंवा त्यांना कुणी तरी काही देतं. फळ्यावर सहा तारखेला लिहिलेला अर्थ इथे पहिल्यांदा डळमळला.

१८ जानेवारी

शब्द बदलून पाहण्याची कसोटी. एक वाक्य घ्यायचं, जागा रिकामी ठेवायची, दोन शब्द आळीपाळीने भरायचे आणि कानाला विचारायचं.

'गावातल्या — शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या.' इथे 'श्रीमंतांनी' बसतं. 'धनदांडग्यांनी' म्हटल्याबरोबर मुलांनीच नकार दिला. एक जण म्हणाला, खोल्या दिल्या असतील तर मागे काहीतरी घेतलं असणार. शब्द बदलला तर वाक्यात नसलेला संशय आत येतो.

'— नदीकाठची वाट बंद केली.' इथे 'धनदांडग्यांनी' चपखल. 'श्रीमंतांनी' व्याकरणाने बसतं, पण वाट बंद करण्याचा आणि श्रीमंतीचा संबंध काय, असा प्रश्न उरतो.

मग मी नाना शंकरशेट यांचं नाव घेतलं. जगन्नाथ शंकरशेट, १८०३ ते १८६५. मुंबईतले मोठे धनिक, सरकारदरबारी वजन असलेले, शिक्षण आणि रेल्वे दोन्हींसाठी पैसा आणि शब्द खर्ची घालणारे. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आमच्या आधीच्या पिढीत घराघरात ठाऊक होती. पैसाही होता, सत्ताही होती. त्यांना धनदांडगा म्हणाल का? अकराही जणांनी 'नाही' म्हटलं. म्हणजे पैसा आणि वजन या दोन गोष्टींची बेरीज केली तरी हा शब्द तयार होत नाही.

२० जानेवारी

आजचा तास मला या सगळ्या कामातला सर्वांत चांगला वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न 'दांडगा' या शब्दावर अडला. मुलांनी यादी केली : दांडगा अनुभव, दांडगी स्मरणशक्ती, दांडगा उत्साह, दांडगा लोकसंग्रह. हे सगळं कौतुकाचं. दुसऱ्या बाजूला दांडगाई, दांडगेश्वर, आडदांड, वर्गातलं दांडगं पोर. हे सगळं धसमुसळं, दुसऱ्याला न जुमानणारं. मग धनाला जोडलेला दांडगा यांतला कोणता?

एका मुलाने सरळ समासाचा नियम लावला. "बाई, दांडगं आहे धन ज्याचं तो धनदांडगा. बहुव्रीही." ऐकायला ठीक होतं. मीही क्षणभर मान डोलावली. तसा विग्रह धरला तर फळ्यावरचा माझा अर्थ बरोबर ठरत होता, अतिशय श्रीमंत. पण मग शब्द 'दांडगधन' असा काहीसा व्हायला हवा. आणि मुख्य म्हणजे जमिनीवर मांडलेल्या ढिगांपैकी एकही त्या अर्थाला मान देत नव्हता. दुसरा विग्रह मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितला : धनाने दांडगा. तृतीया तत्पुरुष. इथे धन हे साधन. दांडगाई करायला कुणाला मनगट लागतं, कुणाला जमाव लागतो, याला धन पुरतं.

विग्रह बदलला आणि सगळे ढीग जागेवर बसले. 'घशात' का येतं, 'अभय' का येतं, आजारपण आणि लग्न का येत नाही, शंकरशेट का बसत नाहीत, या सगळ्याला एकच उत्तर मिळालं. समासाचा धडा मी इतकी वर्षं शिकवते आहे. विग्रहावर एखाद्या शब्दाची बाजू ठरते हे मला मुलांच्या तोंडून ऐकायला मिळालं. फळ्यावरचं वाक्य, जे दोन आठवडे मी पुसू दिलं नव्हतं, ते पुसलं.

२३ जानेवारी

शेजारचे शब्द. एका मुलाने मेहनतीने शिडी काढून आणली. खालच्या पायरीवर 'सधन', मग 'श्रीमंत', 'धनाढ्य', 'गडगंज', 'नवकोट नारायण', आणि सगळ्यात वर 'धनदांडगा'. पैसा वाढेल तसा शब्द बदलतो असा त्याचा हिशेब. शिडी मोडावी लागली, कारण वरची पायरी पैशाने चढलेलीच नाही. त्याला वाईट वाटलं. त्याच कागदावर मग दुसरी मांडणी केली : शब्दाच्या पोटात काय आहे?

'सावकार' या शब्दाच्या पोटात साव आहे, चोर नव्हे तो साव. 'मातब्बर' अरबीतून आला, मुळात भरवशाचा, ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा. 'तालेवार' शब्दात नशीब आहे, ताले म्हणजे दैव, तालेवार म्हणजे नशीबवान. 'श्रीमंत' शब्दात श्री आहे, आणि ती पदवी म्हणून पेशव्यांच्या नावाआधी लागली, पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीच्या नावाआधी आजही लागते. 'लक्ष्मीपुत्र' तर उघडच आहे. हे सगळे शब्द श्रीमंताला काहीतरी देतात, सचोटी, भरवसा, नशीब, देवीची कृपा. काळाच्या ओघात त्यातल्या काहींची चव गेली. सावकार म्हटलं की आता गहाणखत आठवतं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवरच होता. तरीही शब्द जन्मला मानाने. कायद्यातही तो आहे, २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम. धनदांडग्यासाठी मात्र कुठल्या अधिनियमाचं शीर्षक असणं शक्य नाही, कारण शब्दातच निकाल देऊन ठेवलेला आहे.

'साखरसम्राट', 'शिक्षणसम्राट' वर चढवून टोचतात. 'बडं धेंड' माणसाला नपुंसकलिंगात नेऊन टोचतं. मुलांना हे लिंगाचं निरीक्षण फार आवडलं.

एका मुलाची मावशी गोव्यात दिली आहे. तिने फोनवर 'भाटकार' सांगितला, भाटाचा म्हणजे नारळ-पोफळीच्या बागायतीचा मालक, आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराला हुसकावता येऊ नये म्हणून तिकडे १९७५ साली कायदा झाला. आमच्या विदर्भातल्या सहकारी बाईंनी 'मालगुजार' दिला, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनमालक. मालगुजारी गेली, भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव अजून त्या नावाने ओळखले जातात. दोन्ही शब्द पदाचे, हक्काचे. ते नोंदीत घेतले नाहीत, वेगळ्या पाकिटात ठेवले.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. चार मुलांना घेऊन मागे बसले. बोलणाऱ्यांची वाक्यं टिपायची, आवाज मुद्रित करायचा नाही असं आधीच सरपंचांना सांगून ठेवलं होतं.

माइकवर गुरचरणाचा विषय निघाला. एक गृहस्थ उभे राहिले, "गावाचं गुरचरण धनदांडग्यांच्या घशात घालू देणार नाही." टाळ्या झाल्या. मुलांनी पटापट लिहिलं. वर्तमानपत्रातलं वाक्य शब्दशः जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं म्हणून ती खूश होती.

सभा सुटल्यावर चहाच्या टपरीवर तेच गृहस्थ दोघातिघांशी बोलत होते. विषय तोच. आता म्हणत होते, "शेटला एकदा भेटून बघू." जमीन तीच, माणूस तोच. एका मुलाने ही चिठ्ठी लिहू का विचारलं. मी लिही म्हटलं, नाव न घालता. त्या गृहस्थांचा मुलगा त्याच शेटच्या बंगल्यावर माळीकाम करतो हे मला माहीत आहे. 'शेट' म्हणताना त्यांच्या आवाजात मला लबाडी दिसली नाही, घर चालवण्याची काळजी दिसली. चिठ्ठीवर 'माइकवर' आणि 'माइकखाली' अशी नवी ओळ वाढवली. मग आधीच्या ऐकलेल्या चिठ्ठ्याही तपासल्या. हा शब्द भाषणात, निवेदनात, अग्रलेखात आणि मथळ्यात. ओटीवर, शेतात, एसटीत तो जवळजवळ नाही.

२ फेब्रुवारी

घरोघरी विचारायला गेलो तो रविवार बराचसा फुकट गेला. मुलं दारात उभं राहून विचारत, "तुम्ही धनदांडगे हा शब्द वापरता का?" सगळे "हो" म्हणत. शाळेतली पोरं विचारतायत म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? सतरा चिठ्ठ्या भरल्या, सतराही बाद केल्या.

दुपारनंतर पद्धत बदलली. शब्द उच्चारायचाच नाही. जमिनीबद्दल, वाटेबद्दल बोलतं करायचं आणि ऐकत बसायचं.

चरी गावाच्या रस्त्याला एका आजींकडे बसलो. चुलीवर पाणी तापत होतं, त्या पावट्याच्या शेंगा सोलत होत्या, सोलता सोलता बोलत होत्या. सासूकडून ऐकलेला संप त्यांनी सांगितला, चरीचा. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली इथल्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची शेतं कसायचं थांबवलं, ते १९३९ पर्यंत. "शेत समोर आणि हात घडीवर. सासू लाकडं विकायला जायची, डोक्यावर मोळी." डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते मी मुलांना परतीच्या वाटेवर सांगितलं, आजींसमोर नाही. त्यांच्या बोलण्यात मध्ये शिरायचं धाडस झालं नाही.

तासाभरात आजींनी सात-आठ वेळा जमीन घेणाऱ्यांचा उल्लेख केला. जुन्या काळासाठी 'खोत'. आताच्यासाठी 'शेट', 'मुंबयवाले', 'बंगलेवाले', आणि एकदा नुसतं 'ते'. धनदांडगे एकदाही नाही. त्यांना हा शब्द माहीत नाही असंही नाही, टीव्हीवर ऐकतात. निघताना मीच न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "तो पेपरातला. आमच्यातला नाय."

ही चिठ्ठी मी स्वतः लिहिली. खालच्या माणसाच्या बाजूने बोलणारा शब्द खालच्या माणसाच्या तोंडचा असेलच असं नाही, हे नोंदीत यायलाच हवं होतं.

७ फेब्रुवारी

आजची चिठ्ठी माझ्या घरातली आहे. लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

आण्णांची, माझ्या वडिलांची, पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. आजींच्या बोलण्यावरून आठवलं म्हणून काढली. आत प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे आणि १९९४ सालचा तहसीलदारांना द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा होता. आमच्या शेताकडे जाणारी वहिवाट नव्या मालकाने फाटक लावून बंद केली होती, त्याबद्दलचा. निळी शाई, आखीव कागद, कडेला मोडलेला.

पहिली ओळ अशी : 'सदर वाट मुंबईच्या एका श्रीमंत गृहस्थांनी अडविली आहे.' त्यातले 'एका श्रीमंत गृहस्थांनी' एका रेघेने खोडून वर बारीक अक्षरात 'धनदांडग्यांनी' लिहिलेलं. पेन इतकं दाबलं आहे की मागच्या पानावर अक्षर उमटलं आहे. अर्जाची कार्बन प्रत पिशवीत होती. तिच्यात तिसरंच : 'सदर जमिनीचे खरेदीदार यांनी'. कुणी सुचवलं असेल, की आण्णांनाच अर्जात तो शब्द नको वाटला, मला माहीत नाही. निकालाच्या नकलेत तर नुसतं 'प्रतिवादी'. एकच माणूस, चार कागदी नावं, आणि त्यातलं धनदांडगे फक्त कच्च्या कागदावर. वाट चार वर्षांनी मोकळी झाली. तेव्हा आण्णांना तेवढं चालवत नव्हतं.

वर्गात मसुदा दाखवला. मुलं जवळ येऊन खोडलेली ओळ बघत होती. दोन विग्रह, कसोटीची वाक्यं, शिडी, इतकं सगळं करून जे पोहोचलं नव्हतं ते त्या एका खाडाखोडीने पोहोचलं. पहिल्या शब्दाने आण्णांना तो माणूस कोण आहे ते सांगायचं होतं. वर लिहिलेल्या शब्दाने त्याने काय केलं ते सांगायचं होतं. वचनही बदललं. गृहस्थ एकच होता, धनदांडगे अनेक झाले.

१२ फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू झाली, वर्गखोल्या गेल्या. आम्ही वाचनालयाच्या व्हरांड्यात.

व्याकरणाचा तपास आज पुरा केला. आमच्या चिठ्ठ्यांत एकवचन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, तेही 'एखादा धनदांडगा' असं मोघम. नाव घेऊन 'अमुक धनदांडगा' कुठेही नाही. विशेषण म्हणून 'धनदांडगी मंडळी', 'धनदांडग्या कंपन्या' मिळाले, पण एखाद्या बाईला उद्देशून 'धनदांडगी' मिळालं नाही. संबोधन नाही. 'मी' किंवा 'आम्ही' बरोबर तर नाहीच. 'शेट, बसा' म्हणता येतं, 'मालक' म्हणता येतं, 'सावकार' अशीही हाक पूर्वी मारत. धनदांडगे ही हाक होत नाही.

अनेकवचनाबद्दल मुलांत वाद झाला. एक जण म्हणाला, अनेकवचनाने शब्दाला जोर येतो. दुसरी म्हणाली, जोर येतो तसा आडोसाही मिळतो, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, आणि ज्याला लागायचं त्याला लागतं. मला दुसरीचं पटतं. नाव घेतल्याची किंमत मोजावी लागते अशा ठिकाणी हा शब्द उपयोगी पडतो. पण त्याच आडोशाला बसून ज्याने कुणाची वाट अडवली नाही अशा पैसेवाल्यालाही झोडपता येतं, आणि भाषणांमधल्या काही चिठ्ठ्यांत तसं झालेलं दिसतं. दोन्ही उपयोग नोंदीत द्यायचे ठरले.

१८ फेब्रुवारी

नोंदीचे तीन खर्डे झाले. पहिल्यात 'श्रीमंत' शब्द आला म्हणून मुलांनीच बाद केला. दुसऱ्यात 'दुष्ट' आला, तो मी बाद केला, कारण स्वभावाचा संबंध नाही, कृतीचा आहे. तिसरा ठरला :

धनदांडगा — विशेषण व नाम, पुल्लिंगी. सामान्यरूप धनदांडग्या-. बहुधा अनेकवचनी : धनदांडगे. (धनाने दांडगा, तृतीया तत्पुरुष.) पैशाच्या जोरावर दांडगाई करणारा, धनाचं वजन वापरून नियम वाकवणारा, दुसऱ्याचा हक्क किंवा वाट दाबणारा. मुख्यतः भाषण, निवेदन, वृत्तपत्र यांत. रोजच्या बोलण्यात त्या जागी शेट, पैसेवाले, मोठी माणसं. स्वतःविषयी किंवा हाक म्हणून नाही. नाव न घेता गटावर ठपका ठेवताना. कधी कधी सरसकट सर्व धनिकांविषयी. समोरची बाजू : गोरगरीब, कष्टकरी, सर्वसामान्य. उदाहरण : 'सदर वाट मुंबईच्या धनदांडग्यांनी अडविली आहे.' (अर्जाचा कच्चा मसुदा, १९९४)

२४ फेब्रुवारी

फलक छापून आला आणि मथळ्यातला अनुस्वार गायब. 'धनदाडगे'. आम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर दुकानात जुन्या फॉन्टमध्ये बदलताना तो गळला, आणि छपाईआधी नमुना बघायला मी गेले नाही. पुन्हा छपाई ४५० रुपये. दुकानदाराने निम्मे घेतले. छापायला देताना मजकूर चित्र म्हणून किंवा फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफमध्ये द्यावा आणि तरीही छापण्याआधी एकेक अक्षर वाचावं.

२७ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. ढीग जसे होते तसेच टेबलावर मांडले, 'घशात'चा सर्वांत पुढे. लोक फलकापेक्षा चिठ्ठ्याच जास्त वाचत होते. चरीच्या रस्त्याच्या आजी नातवाबरोबर आल्या, त्यांच्या वाक्याची चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. "पेपरातला" नाही, त्या "पेपरवाल्यांचा" म्हणाल्या होत्या. चिठ्ठी तिथेच बदलली. आठवणीवरून लिहिलेलं बोलणाऱ्याला परत वाचून दाखवायचं असतं, तेही आमच्याकडून राहून गेलं होतं.

खर्च : चिठ्ठ्या २१०, झेरॉक्स १६४, एसटी आणि रिक्षा ३८०, फलक ४५० आणि पुन्हा २२५, किरकोळ ६०. एकूण १,४८९ रुपये. वेळ सात आठवडे. त्यातले जवळजवळ तीन चुकांत गेले. चिठ्ठ्यांचा डबा वाचनालयाच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे, कुणालाही बघता येईल. आण्णांच्या मसुद्याची झेरॉक्स त्यात आहे, मूळ कागद घरी ठेवला.

पुढच्या वर्षीचा शब्द मुलांनी आजच निवडला. फळ्यावर मतदान घेतलं, अकरापैकी नऊ मतं 'वहिवाट' शब्दाला. या वेळी फळ्यावर त्याच्यापुढे काहीही लिहिलेलं नाही.